सुर्देनची शेवटची अध्यक्ष

माझी नणंद मेंगिया हिला सुर्देनचं अध्यक्ष केलं, तेव्हा ती आपल्या खानावळीच्या स्वयंपाकघरात बटाटे परतत होती. ग्रामसभा शाळेच्या वर्गात भरली होती. आधीचा अध्यक्ष आजारपणामुळे डोंगर उतरून खाली मुलीकडे राहायला गेला होता आणि त्याच्या जागी बसायला कुणीच तयार नव्हतं. माझा नवरा तुमाश म्हणाला, माझ्यामागे गुरं आहेत. प्लासी सुतार म्हणाला, कागद वाचले की माझं डोकं दुखतं. दुसऱ्या कुणाची कंबर, तिसऱ्याची बायको. शेवटी कुणीतरी मेंगियाचं नाव घेतलं, कारण ती तिथे नव्हती. सगळे हात एका दमात वर झाले. आमच्याकडे एकदा निवडून दिलं की नाही म्हणायची सोय नाही, तसा कायदाच आहे. प्लासी तिला सांगायला गेला तर ती म्हणाली, "बरं. आता बाजूला हो, बटाटे करपतील."

तिने काम मात्र नीट केलं. रस्त्यावरचा बर्फ, झऱ्याचं पाणी, जंगलतोडीचे वाद, कुरणावर कुणाच्या गाई किती. दिवसा खानावळ आणि त्यात हे सगळं. नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. लोक जेवायला यायचे ते तोंडात घास घेऊनच तक्रार करायचे. सोबतीला दोन सदस्य हवे असत, तेही मिळेनात. होते त्यांतला एक म्हातारा सभेतच झोपायचा, दुसऱ्याने गावच सोडलं. शाळा आधीच बंद पडली होती. अग्निशमन दलात जेवढे गडी राहिले होते, त्यांच्यात पंप ओढायचा दम नव्हता.

तेव्हा तिने गाव सालव्हेरला जोडायची बोलणी सुरू केली.

सालव्हेर म्हणजे दरीच्या तोंडाशी असलेलं मोठं गाव. स्टेशन, दवाखाना, दुकानं, सगळं तिथे. आजूबाजूची तीन गावं त्यांच्या नगरपालिकेत आधीच गेली होती. मी स्वतः सालव्हेरची. लग्न करून वर आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी सुर्देनच्या बायका मला 'खालची' म्हणायच्या. खालचे लोक सुर्देनला काय म्हणायचे तेही मी लहानपणापासून ऐकलेलं: शेळ्यांचं गाव. दोन्हीकडची शेरेबाजी मी ऐकत आले आहे. त्यामुळे ही बोलणी सुरू झाली तेव्हाच मी तुमाशला म्हटलं होतं, "यात कुणाचंच भलं व्हायचं नाही."

"बहिणीला सांग की," तो म्हणाला.

"तुझी बहीण आहे."

"होती," तो म्हणाला. अजून मतदान व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

मतदानाच्या सभेला वर्गात उभं राहायला जागा नव्हती. मोठाली माणसं लहान मुलांच्या बाकांत गुडघे कोंबून बसली होती. मेंगियाने फळ्यापाशी उभं राहून सगळं सांगितलं. गावाला माणसं उरली नाहीत. कामं होत नाहीत. सालव्हेर रस्ता बघेल, पाणी बघेल. आणि दफनभूमी आपल्याच गावात राहील, तसं करारात लिहून घेतलंय.

"आणि नाव?" प्लासीने विचारलं.

"गावाला सुर्देनच म्हणतील."

"म्हणतील की म्हणू देतील?"

लोक हसले. मेंगिया हसली नाही. "प्लासी, तू अध्यक्ष होतोस? आत्ता हो म्हण, मी हा प्रस्ताव इथेच फाडते."

प्लासी खाली बघून बाकाचं लाकूड तपासायला लागला.

हात वर करून मतदान झालं. आमचे, म्हणजे तुमाशचा आणि माझा, विरोधात. मोजणी झाली आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या निघाल्या. एकच माणूस असा होता ज्याने दोन्ही वेळेला हात वर केला नव्हता: माझे सासरे, जाखेन. पहिल्या बाकावर, दोन्ही पंजे काठीच्या मुठीवर, डोळे फळ्याकडे. हा माणूस तरुणपणी स्वतः वीस-बावीस वर्षं सुर्देनचा अध्यक्ष होता. आता मतं सारखी पडली की अध्यक्षाचं मत शेवटचं. मेंगियाने बापाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हाताऱ्याने मान हलवली नाही.

"माझं मत, हो," ती म्हणाली.

मागून प्लासीचा आवाज आला, "विकलं." तुमाश उठला, ज्या बाकात तो अडकून बसला होता तो बाक त्याच्याबरोबर उचलला गेला आणि धाडकन पडला. तो तसाच बाहेर गेला. त्या दिवसापासून तो बहिणीशी बोलला नाही.

घरी आल्यावर मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, हात का नाही वर केला?"

"दुखत होता," ते म्हणाले.

"कुठला?"

"दोन्ही," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

गावाने म्हाताऱ्याला एका शब्दाने दुखवलं नाही. सगळा राग मेंगियाच्या वाट्याला आला. तिला वाळीतच टाकली. खानावळीतलं कोपऱ्यातलं टेबल, जिथे पुरुष रोज संध्याकाळी पत्ते कुटायचे, ते आठवडाभरात ओस पडलं. प्लासीने आपल्या कारखान्यात एक जुनी शेगडी मांडली आणि सगळी मंडळी तिथे भुशात बसून प्यायला लागली. एका सकाळी मेंगियाच्या उंबऱ्यावर शेणाची गाडी रिकामी केलेली सापडली. तिने कुणाला विचारलं नाही. फावड्याने उचललं आणि मागच्या वाफ्यात टाकलं. "वाफ्याला हवंच होतं," ती मला म्हणाली. मी अधूनमधून मागच्या दाराने तिच्याकडे जायचे. तुमाशला ते माहीत होतं; तो विचारत नसे, मी सांगत नसे. पुढच्या दाराने जाणारा माणूस एकच राहिला होता. सासरे रोज सकाळी काठी टेकत जायचे, कॉफी प्यायचे, वर्तमानपत्र वाचायचे आणि परत यायचे. तिथे बापलेकीत काय बोलणं व्हायचं कोण जाणे. मी विचारलं तर म्हणायचे, "कॉफी बरी करते."

वसंतात सालव्हेरची माणसं गावाच्या वेशीवर नवी पाटी लावून गेली. वर मोठ्या अक्षरात सालव्हेर, खाली बारीक अक्षरात सुर्देन. दोन दिवसांत ती चिखलाने माखली. त्यांनी पुसली, पुन्हा माखली. डेअरीवर बायका मला म्हणायच्या, "तुझं बरंय बाई नेसा, माहेर घरबसल्या आलं."

"हो ना," मी म्हणायचे, "आता दूध घालायला तेवढं सासर उरलंय."

नव्या नगरपालिकेत सुर्देनसाठी एक जागा राखून ठेवली होती. त्या जागेसाठीही गावातून कुणी पुढे आलं नाही. म्हणजे पुन्हा मेंगिया. पंधरवड्यातून एकदा ती गाडी काढून खाली सभेला जायची आणि गाव म्हणायचं, बघा, निघाली मालकांकडे. खालीही तिला कुणी डोक्यावर घेत नव्हतं. माझा एक चुलतभाऊ त्या सभागृहात बसतो. त्याने सांगितलं, मेंगिया बोलायला उभी राहिली की मागे कुणीतरी हळूच शेळीचा आवाज काढतं.

"मग ती काय करते?"

"थांबते. आवाज संपला की म्हणते, झालं? आणि पुढचं बोलते."

दुसऱ्या वर्षी शरद ऋतूत पाऊस हटेना. आमचं चर्च उतारावर आहे, त्याच्याखाली दफनभूमी, आणि तिला तोलून धरणारी दगडी भिंत. त्या भिंतीला पोट आलं. दोन दगड निखळून खालच्या गल्लीत पडले. सालव्हेरहून इंजिनियर आला, त्याने मोजमाप केलं आणि नगरपालिकेने ठरवलं: भिंत दुरुस्त होईपर्यंत सुर्देनमध्ये दफन बंद. दुरुस्ती पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. तोवर कुणी गेलं तर सालव्हेरच्या दफनभूमीत जागा मिळेल.

मेंगिया सभेत भांडली. वरच्या अंगाला खडक आहे, तिथे भिंतीचा काही संबंध नाही, तेवढा भाग तरी उघडा ठेवा, म्हणाली. तिच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. मग सूचनेचा कागद लावायला शिपाई वर येणार होता. मेंगिया म्हणाली, कुणी परका येऊन आमच्या दफनभूमीला कागद चिकटवायला नको, मीच लावते. आणि दफनभूमीच्या फाटकावर तो कागद तिने स्वतःच्या हाताने लावला. तो लावताना गावाने तिला पाहिलं. ती सभेत भांडली होती, ते पाहायला गावातलं कुणी तिथे नव्हतं.

तुमाश त्या संध्याकाळी जेवला नाही. "करारात लिहून घेतलंय म्हणे," तो म्हणाला. "आई तिथे आहे. आजा-पणजा तिथे आहेत. आणि ही कागद चिकटवते."

सासरे ताटातलं चीज कापत होते. "भिंत खरंच वाकलीय," ते म्हणाले.

"म्हणून काय बाबा तुम्ही सालव्हेरात जाऊन पडणार?"

"मला घाई नाही," म्हातारा म्हणाला.

पण फेब्रुवारीत ते गेले. सकाळी मी चूल पेटवून दूध ठेवलं, त्यांना हाक मारली, ते आले, खुर्चीत बसले, बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच राहिले. मेंगियाकडे कॉफीला जायची त्यांची वेळ झाली होती.

आम्ही त्यांना आतल्या खोलीत नीट निजवलं, मेणबत्त्या लावल्या. शेजारीपाजारी जपमाळ घेऊन आले. आणि थोड्या वेळात मेंगिया आली. मतदानानंतर पहिल्यांदा या घरात, पुढच्या दाराने. बायकांचं पुटपुटणं थांबलं. तिने बापाच्या कपाळावर पवित्र पाणी शिंपडलं, त्याचे हात हातात घेतले. ती रडली नाही. तिचं तोंड मात्र असं झालं होतं, जणू कुणीतरी चापट मारलीय आणि ती परत मारायची की नाही याचा विचार करतेय.

तुमाश दारात उभा राहिला. दोन वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य हे होतं: "मोजमाप घ्यायला आलीस? खाली कळवायचं असेल ना."

"माझा बाप आहे, तुमाश."

"तुझा बाप इथला होता. तू कुठली आहेस ते बघ."

"भांडायचं तर बाहेर चल. इथे नको."

"भांडायला बोलावं लागतं. मला बोलायचं नाहीये. एवढंच ऐक, बाबा आईशेजारी जातील. कागद लावलास, आता पोलीसही लाव."

मेंगियाने बापाचे हात खाली ठेवले. "आईशेजारची जागा खडकावर आहे," ती म्हणाली. "तिथे खणलं तर भिंतीला काही होणार नाही. मी सालव्हेरच्या अध्यक्षाशी बोलते."

"तू कुणाशी बोलू नकोस! तुझ्या बोलण्याने एक गाव गेलं, आता बाबांना तरी राहू दे."

ती गेली. जाताना माझ्या खांद्याला तिचा हात लागला, थंडगार.

दुपारी प्लासी शवपेटीची फळकुटं घेऊन बसला आणि तुमाश चार-पाच जणांना घेऊन दफनभूमीत गेला. जमीन लोखंडासारखी गोठली होती. त्यांनी आधी तिच्यावर लाकडं पेटवली, निखारे पसरले, जमीन नरमेपर्यंत दारू प्यायले आणि मग कुदळी मारल्या. एरवी खणताना आमच्याकडे माणसं गप्प असतात. त्या दिवशी नव्हती. "हा घाव सालव्हेरच्या टाळक्यात," एक म्हणायचा, आणि बाकीचे हुंकार द्यायचे. फाटकावरचा कागद कुणीतरी जाळात टाकला. मी त्यांना गरम चहा घेऊन गेले. प्लासीचा भाऊ म्हणाला, "नेसा, तुझी माणसं आली तर आधी तूच त्यांच्याशी बोल हं, तुमची भाषा गोड असते."

"माझं माणूस घरात मेणबत्त्यांमध्ये पडलंय," मी म्हटलं. "चहा पी आणि खण."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी खांद्यावर घेऊन आम्ही चर्चकडे निघालो. पाद्री सालव्हेरहूनच येतो, तोच चार गावांना पुरतो. तो बिचारा घाबरून गेला होता; दफनाची परवानगी आहे का, असं दोनदा मला कानात विचारून झालं होतं. प्रार्थना झाली. बाहेर आलो तर फाटकापाशी एक गाडी उभी होती, तिच्या टपावर ताजा बर्फ. आतून मेंगिया उतरली आणि तिच्यामागोमाग सालव्हेरचा अध्यक्ष रोमेदी.

रोमेदीला मी शाळेपासून ओळखते. त्याची लाकडाची गिरणी आहे. वाईट माणूस नाही. त्याला सगळ्यांना खूश ठेवायचं असतं, हाच त्याचा आजार. तो टोपी हातात घेऊन बर्फात उभा राहिला. पेटी धरलेली माणसं थांबली. मागचे लोक पुढे सरकले आणि बघता बघता त्याच्याभोवती माणसांचं कडं झालं.

"अध्यक्षसाहेब स्वतः?" प्लासी म्हणाला. "अर्धी टोपली माती टाकायला आलात का? आमच्याकडे माती कमी पडतेय, सगळी दगडंच."

"मी तुमच्या दुःखात..." रोमेदीने सुरुवात केली.

"दुःख आमचं आम्ही बघू. हुकूम काय आणलाय?"

रोमेदीने मेंगियाकडे पाहिलं. ती त्याच्या बाजूला नव्हे, समोर येऊन उभी राहिली. "फोनवर तुम्ही मला काय सांगितलंत ते आता यांना सांगा," ती म्हणाली. "मी मधल्या मध्ये निरोप पोचवणार नाही. खाली बसून सही केलीत ना, आता ही पेटी आहे, हा खड्डा आहे, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

मला वाटतं, त्या क्षणी पहिल्यांदा गावाला कळलं की तिने त्याला कशाला आणलंय. पण कळलं म्हणून कुणाचा चेहरा निवळला नाही.

रोमेदी फाटकातून आत गेला. खड्डा पाहिला. खाली वाकून कडेचा खडक पाहिला, भिंतीकडे पाहिलं, मग बराच वेळ बुटांकडे. परत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, मी हा खड्डा पाहिलाच नाही. मी इथे आलोच नाही. तुम्ही काय करायचं ते करा."

प्लासी खूश झाला. एक-दोघांनी माना डोलावल्या. पण तुमाशने पेटीचा दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला आणि तो रोमेदीच्या इतका जवळ आला की मला वाटलं आता हात उचलतो.

"नाही," तो म्हणाला. "पाहिला म्हणा."

"अरे, मी तुमच्या सोयीचंच..."

"माझा बाप काय चोरीचा माल आहे? बावीस वर्षं या गावाचा अध्यक्ष होता तो. त्याला लपूनछपून पुरायचं? पाहिला म्हणा, आणि मग हो म्हणा नाहीतर नाही. नाही म्हणालात तरी पुरणारच. पण मग तुम्हाला उभं राहून बघावं लागेल."

रोमेदीचं तोंड लाल झालं. त्याने पुन्हा मेंगियाकडे पाहिलं. ती बर्फाकडे बघत होती. तिच्या आणि तिच्या भावाच्या मध्ये तो सापडला होता, आणि बहीण-भाऊ एकमेकांकडे न बघता एकच गोष्ट मागत होते.

"पाहिला," तो शेवटी म्हणाला. "परवानगी आहे. आईशेजारी. पुरा."

"मोठ्याने," तुमाश म्हणाला.

"परवानगी आहे!"

मग आम्ही सासऱ्यांना सासूबाईंशेजारी ठेवलं. पाद्र्याचा जीव भांड्यात पडला, त्याने सगळं भराभर म्हटलं. मेंगिया आणि तुमाश खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होते. दोघांनी माती टाकली. तुमाशने तिच्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं होतं, आता तरी एखादा शब्द बोलेल.

दफनानंतर गावाने एकत्र जेवायचं, ही आमची रीत. आणि ते जेवण खानावळीत व्हायचं, आजवर दुसरीकडे कधी झालंच नव्हतं. मेंगियाने पहाटेपासून जवाचं सूप चढवलं होतं, खारवलेलं मांस कापून ठेवलं होतं, सगळी टेबलं मांडली होती. खाली रोमेदीला आणायला जाण्यापूर्वी हे सगळं उरकून ती गेली होती. पाद्री सवयीप्रमाणे म्हणाला, "आता जेवणासाठी सगळ्यांनी..." तेवढ्यात तुमाश मध्येच बोलला.

"जेवण शाळेत आहे. प्लासीच्या बायकोने केलंय."

मलासुद्धा माहीत नव्हतं. लोक क्षणभर घुटमळले. मग एकेक जण शाळेच्या दिशेला वळला. मेंगियाच्या अगदी बाजूने गेले सगळे, बर्फ कुरकुरत होता, कुणी मान वर केली नाही. पाद्रीही गेला. तुमाशने मागे वळून मला हाक मारली, "नेसा!"

"तू हो पुढे," मी म्हटलं.

खानावळीत सगळी टेबलं पांढरे कापड घालून मांडलेली. चमचे, ग्लास, पाव. सूपचा वास भरून राहिलेला. कोपऱ्यात एकटा रोमेदी बसला होता, टोपी मांडीवर. त्याला वाटलं असणार लोक येतायत. मी आत आले, मागे दार लागलं आणि आणखी कुणी येईना, तेव्हा त्याला समजलं.

मेंगियाने आम्हा दोघांना वाढलं. स्वतःलाही वाढून घेतलं आणि माझ्याशेजारी बसली. आम्ही जेवलो. थोड्या वेळाने रोमेदी म्हणाला, "मेंगिया, मला खरंच वाईट वाटतंय, गावाने तुझ्याशी..."

"गावाचं नाव तुम्ही घेऊ नका," ती म्हणाली. "भिंत कधी बांधताय?"

"पुढच्या..."

"यंदा."

"यंदाच्या कामांचं सगळं ठरलंय गं."

"मग बदला. नाहीतर पुढच्या मयताला मी पुन्हा तुम्हाला घेऊन येईन. आमच्याकडे म्हातारी माणसं बरीच आहेत. सूप संपवा आणि निघा, घाटात बर्फ वाढतोय."

तो गेल्यावर तिने ताटं उचलली नाहीत. मग म्हणाली, "नेसा, त्या दिवशी बाबांनी एक हात वर केला असता ना, कुठल्याही बाजूने, तर मी सुटले असते."

"विचारलं नाहीस कधी? रोज येत होते की."

"विचारलं."

"मग?"

"कॉफीत साखर कमी आहे म्हणाले."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. मी तिला रडू दिलं.

घरी तुमाश टेबलाशी बसला होता, कोट न काढता. "तिच्याकडे जेवलीस?"

"हो."

"माझ्या बापाच्या मयताचं जेवण आणि तू त्या रोमेदीच्या पंगतीला?"

"तुझ्या बापाच्या लेकीच्या पंगतीला. तिने आणलं म्हणून तो आला, तो आला म्हणून तुला मोठ्याने परवानगी मागता आली."

"मी मागितली नाही. मी घेतली."

"मग घेतलीस ती कुणाकडून? तो आपल्या पायाने चालत आला होता का?"

त्याने टेबलावर मूठ आपटली. कितीतरी दिवस आम्ही दोघं गुरांबद्दल सोडून दुसरं काही बोललो नाही.

भिंत त्याच उन्हाळ्यात झाली. सालव्हेरहून गवंडी आले. आमचे पुरुष रोज जाऊन काठावर बसायचे आणि त्यांच्या कामाला नावं ठेवायचे: हा दगड उलटा बसवला, तो सिमेंटने चिकटवला, आमच्या आज्याने नुसत्या दगडांची उभी केली होती. गवंडी ऐकून ऐकून वैतागले आणि एकाने प्लासीच्या दिशेने थापी भिरकावली. भिंत मात्र भक्कम झाली. दफनबंदी उठली. मेंगियाचं नाव त्यासंदर्भात कुणी घेतलं नाही.

शरद ऋतूत तिने नगरपालिकेतली जागा सोडली आणि खानावळीला कुलूप लावलं. सुर्देनमधून त्या जागेसाठी पुन्हा नावं मागवली. एकही आलं नाही. ती खुर्ची आज इतक्या वर्षांनंतरही रिकामी आहे. आता गावात संध्याकाळी बसायला प्लासीच्या भुशाशिवाय जागा नाही, आणि प्लासीही अलीकडे खोकतो.

ती सालव्हेरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली. सामान न्यायच्या दिवशी तिने खालून एक छोटा ट्रक आणि ड्रायव्हर बोलावला होता. मी जाऊन भांडी गुंडाळली. बाकी कुणी आलं नाही. पण प्रत्येक खिडकीत पडद्याआड कुणीतरी होतं. दोन दिवस पाऊस झाला होता. ट्रक निघाला आणि गावाबाहेरच्या वळणावर, आमच्या गोठ्यासमोरच, त्याची मागची चाकं चिखलात रुतली. ड्रायव्हरने पुढे-मागे केलं, तेवढी ती आणखी खोल गेली. मेंगिया खाली उतरून पुठ्ठे घालायला लागली. मी दगड आणून दिले. काही उपयोग होईना.

तुमाश गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता. बराच वेळ बघत राहिला. मग आत गेला. ट्रॅक्टरचा आवाज आला. तो ट्रॅक्टर पुढे घेऊन आला, साखळी काढली, चिखलात झोपून ट्रकच्या खाली हात घातला आणि ती अडकवली. ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "पहिला गिअर. घाई करू नकोस." ट्रक गचके खात वर आला. तुमाशने साखळी सोडली, गोळा केली. तो नखशिखांत चिखलाने भरला होता. मेंगिया त्याच्यासमोर उभी होती.

"उपकार झाले," ती म्हणाली.

"रस्ता अडला होता," तुमाश म्हणाला. "माझ्या गाई यायच्यात."

बस एवढंच. तो ट्रॅक्टरवर चढला. ती ट्रकमध्ये बसली. ट्रक वळणाआड गेला आणि मी तिथेच उभी राहिले. गाई यायला अजून बराच वेळ होता, हे मला माहीत होतं, आणि तिलाही.

आता मी बाजाराच्या दिवशी खाली गेले की तिच्याकडे डोकावते. ती सभांना अजून जाते, सदस्य म्हणून नाही, मागच्या बाकावर प्रेक्षक म्हणून. सुर्देनच्या रस्त्याचा विषय निघाला की उठून उभी राहते. तिला बोलायचा अधिकार नाही, तसं तिला सांगण्यात येतं, आणि ते सांगून होईपर्यंत तिचं बोलून झालेलं असतं. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे बर्फ काढणारी गाडी वेळेवर आली. डेअरीवर चर्चा झाली की अखेर खालच्यांना अक्कल आली.

मी घरी तुमाशला खरं काय ते सांगितलं. तो बुटांवरचा बर्फ झटकत होता. "कुणी विचारलंय तिला," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे पाठ करूनच: "तिथे तिच्याकडे शेगडी नीट पेटते का?"

"तूच जाऊन बघ," मी म्हटलं.

तो काही गेला नाही.